दोन मनगटं

"तिच्याकडे पैसे नाहीत म्हणून, की माझ्याकडे आहेत म्हणून?"

आत्याने हे इतक्या हळू विचारलं की ती कशाबद्दल बोलतेय हे आधी मला कळलंच नाही. प्लास्टर रूमबाहेरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. तिचा उजवा हात कच्च्या प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी, सुजून तुकतुकीत झालेली बोटं, त्यातल्या एकावरची अंगठी कापून काढावी लागलेली. शेजारी साधारण तिच्याच वयाच्या एक बाई, त्यांचाही हात तसाच गळ्यात. दोघी बाथरूममध्ये घसरलेल्या, दोघींनी पडताना तळहात पुढे टेकलेला, दोघींचं मनगट गेलेलं. एवढं जुळल्यावर दोघींना बोलायला विषय पुरला. मग त्या बाईंना आत बोलावलं. हाड बसवून, पक्कं प्लास्टर घालून त्या बाहेर आल्या आणि आमचा निरोप घेऊन गेल्या. आत्याला मात्र सांगण्यात आलं की ऑपरेशन करून प्लेट बसवावी लागेल. तेव्हाचा तो प्रश्न. "तसं नसतं गं आत्या," असं मी पुटपुटलो खरा, पण ते कसं असतं हे मला कुठे ठाऊक होतं!

डॉक्टरांवरचा संशय आजकाल सगळ्यांच्याच मनात असतो, त्याचं मला विशेष वाटलं नाही. डोक्यातून जाईना तो त्या संशयाखालचा रास्त प्रश्न. एकच हाड, एकच जागा, पडण्याची तऱ्हाही एकच, मग उपचार दोन कसे? फ्रॅक्चर म्हटलं की आपण किती दिवस लागतील आणि ऑपरेशन लागेल का एवढंच विचारतो. कसं मोडलंय हे कुणी विचारत नाही. फार तर "फ्रॅक्चर आहे की नुसता क्रॅक?" असं विचारतो आणि क्रॅक म्हटलं की हुश्श करतो. वास्तविक क्रॅक हेही फ्रॅक्चरच. केसाएवढी चीर पडली, तुकडे जागचे हलले नाहीत, इतकंच. आणि जागा वाईट असली तर ती केसाएवढी चीरही वर्षभर छळते, त्याबद्दल पुढे येईलच.

ऑपरेशनआधी डॉक्टरांनी आत्याचा एक्स-रे उजेडाच्या पेटीवर लावला. काय मोडलंय ते सांगण्याआधी त्यांनी स्वतःचा हात पुढे करून विचारलं, "पडताना मनगट असं मागे मुडपलं होतं ना? आणि भार अंगठ्याच्या बाजूला जास्त आला?" आत्या चकित झाली. बाथरूममध्ये तर कुणीच नव्हतं. मलाही ते नवल वाटलं आणि तिथूनच माझं वाचन सुरू झालं. हाड दोन विरुद्ध स्वभावांच्या पदार्थांनी बनतं. कोलॅजनचे चिवट धागे आणि त्यांवर बसलेले कॅल्शियम-फॉस्फेटचे कडक स्फटिक. हे मिश्रण दाब उत्तम सोसतं, ताण त्याहून कमी आणि पिळापुढे लवकर हार मानतं. त्यामुळे जोर कुठून आणि कसा आला याची नोंद मोडलेल्या कडेवर उमटून राहते. हाड वाकवलं गेलं तर ताणल्या गेलेल्या बाजूने तडा सुरू होतो आणि आडवा पलीकडे जातो. वाकता वाकता लांबीच्या दिशेनेही दाब आला तर दाबाच्या बाजूला एक त्रिकोणी तुकडा सुटतो. पीळ बसला तर तडा हाडाभोवती मळसूत्री वळण घेत चढतो. हे शेवटचं पटत नसेल तर एक खडू दोन्ही टोकांना धरून पिळा. त्या रात्री मी तेच केलं. हातात उरलेल्या दोन्ही तुकड्यांची कड तिरकी वळलेली होती आणि एका बाजूला टोक निघालं होतं. पाऊल जागीच अडकलं आणि अंग गर्रकन वळलं की नडगीचं हाड अगदी असंच तुटतं.

वेगाचा हिशोब याहून निराळा. सावकाश आलेल्या जोरापुढे हाड एका जागी मोडतं आणि सुटतं. वेगाने आलेला आघात मात्र ते आधी स्वतःत साठवून घेतं आणि मग ती सगळी शक्ती एकदम सोडतं. वाहनाच्या धडकेत हाडाचे पाच-दहा तुकडे होतात आणि भोवतीच्या स्नायूंचीही धूळधाण होते ती यामुळे. एक्स-रेवर तुकडे मोजणारा डॉक्टर आघाताचा जोर मोजत असतो, आणि आत न दिसणाऱ्या नुकसानीचा अंदाजही बांधत असतो.

माझा स्वतःचा डावा हात लहानपणी मोडला होता, झाडावरून पडून. दुखलं असणारच, पण ते आठवत नाही. आठवते ती ओल्या प्लास्टरची ऊब. भिजवलेल्या पट्ट्या हाताभोवती गुंडाळल्या तेव्हा आधी गार वाटलं आणि थोड्या वेळाने आतून गरम व्हायला लागलं. हात भाजेल म्हणून मी रडायला लागलो, तर कंपाउंडर हसत म्हणाला, "तापलं की समज घट्ट होतंय." प्लास्टर ऑफ पॅरिस पाण्याशी संयोग पावताना उष्णता बाहेर टाकतं, हे शाळेत बऱ्याच वर्षांनी शिकलो. अशा पट्ट्या 1851 मध्ये मॅथायसन नावाच्या एका डच लष्करी सर्जनने तयार केल्या. मग पुढचे आठवडे आतल्या खाजेचे. पट्टी आत सरकवून खाजवणं, त्यावरून ओरडा खाणं, आणि प्लास्टर निघाल्यावर बाहेर आलेला तो बारीक, फिकट, सोललेल्या कातडीचा हात, जो काही केल्या माझा वाटेना. माझं हाड पुरतं तुटलं नव्हतं म्हणे. एका बाजूने मोडून दुसऱ्या बाजूने नुसतं वाकलं होतं. ओली फांदी वाकवली तर ती अशीच अर्धवट मोडते, म्हणून त्याला ग्रीनस्टिक म्हणतात.

मुलांचं हाड मोठ्यांच्या हाडाची लहान आवृत्ती नव्हे. ते जास्त लवतं. त्याच्यावरचं आवरण जाड आणि चिवट असतं, त्यामुळे आत तुटलं तरी तुकडे पुष्कळदा त्या आवरणातच धरून ठेवले जातात. कधी हाड तुटतही नाही, दाबाने त्याचा काठ फुगीर होतो, आणि त्याला साधा आधारपट्टा पुरतो. भरून येण्याचा वेगही अचाट. थोडं वाकडं जुळलं तरी वाढीबरोबर बरंचसं सरळ होतं, फक्त पीळ राहिला तर तो सहसा सुटत नाही. हे सगळं वाचून लहानपणी मोडून घेतलेलंच बरं असं वाटायला लागतं, तोवर वाढपट्टीचं प्रकरण समोर येतं. लांब हाडाच्या टोकाशी कूर्चेची एक पातळ पट्टी असते आणि हाडाची लांबी तिथे वाढते. तडा तिच्यातून गेला किंवा ती चेचली गेली तर आज जुळलेलं हाड पुढे आखूड किंवा वाकडं वाढू शकतं. सॉल्टर आणि हॅरिस या दोघा टोरांटोच्या डॉक्टरांनी 1963 मध्ये या पट्टीच्या दुखापतींचे पाच प्रकार मांडले. पाचवा, चेचण्याचा, सगळ्यात फसवा. पहिल्या एक्स-रेत तो बहुधा दिसतच नाही, वाढ अडली की कळतो.

माझ्या एका मैत्रिणीची दीड वर्षांची मुलगी घसरगुंडीवरून आल्यापासून पाय टेकेना. पडली नव्हती, आपटली नव्हती. आईच्या मांडीवर बसून घसरली होती, तेही हसत. एक्स-रे साफ. तरी डॉक्टरांनी पायाला आधार दिला आणि दोनेक आठवड्यांनी पुन्हा फोटो काढायला सांगितलं. तेव्हा नडगीवर नव्या हाडाची फिकट रेघ दिसली, म्हणजे तडा आधीपासून होता. मांडीवर बसवून घसरताना मुलाचा बूट घसरगुंडीला अडकतो, वरून मोठ्या माणसाचं वजन पुढे रेटतं आणि पायाला पीळ बसतो. पोर एकटंच घसरलं असतं तर पाय अडकून फार तर जागीच थांबलं असतं. मैत्रीण खचली ती मात्र या कारणाने नाही. पहिल्या भेटीत डॉक्टरांनी तिला तीच हकीगत तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेने विचारली होती. घरी आणखी कोण असतं, तेव्हा कोण होतं, आधी कधी असं झालंय का. "मला गुन्हेगारासारखं बसवलं," ती म्हणाली.

तिचा राग मला समजतो. पण जे मूल अजून उभंही राहत नाही त्याच्या मांडीचं हाड पिळून मोडलेलं आढळलं, तर ते आपोआप झालं असं कुणी सांगितलेलं डॉक्टरने मानून चालत नाही. सांगितलेली हकीगत आणि हाडावरची नोंद जुळते का, हे पाहणं त्याचं काम असतं. बोलता न येणाऱ्या पोराच्या बाजूने तिथे ते हाडच बोलत असतं. दुखावलेल्या शंभर आयांची समजूत काढावी लागली तरी ते प्रश्न विचारले जावेत, असं माझं मत झालं आहे. मैत्रिणीला मी हे अजून सांगितलेलं नाही.

प्रकार पाडण्याची ही खटपट एक्स-रेच्या कितीतरी आधीची. क्ष-किरण सापडले 1895 मध्ये. सुश्रुतसंहितेत मात्र हाड मोडण्याचे बारा प्रकार मोजलेले आहेत आणि सांधा निखळण्याचे सहा त्याहून वेगळे. हात लावला की आवाज करणारं, भुगा झालेलं ते चूर्णित. एक तुकडा दुसऱ्यात घुसून मज्जेपर्यंत पोचलेलं ते मज्जानुगत. घोड्याच्या कानासारखं टोक वर आलेलं ते अश्वकर्ण. वाकलं पण सुटं झालं नाही ते वक्र, म्हणजे साधारण माझ्या लहानपणीचा हात. शिवाय कोणतं हाड कसं वागतं हेही तिथे सांगितलंय: कोवळी हाडं वाकतात, नळीची मोडतात, कवटीची दुभंगतात, दात फुटतात. हे सगळं नुसती बोटं आणि कान वापरून. मोडलेल्या हाडाची टोकं एकमेकांवर घासताना येणारी करकर एकदा ऐकली की विसरत नाही म्हणतात. ती ऐकायला कुणाकुणाचे हात-पाय हलवून पाहिले असतील, आणि तेही आजच्यासारखी भूल नसताना, हा विचार मी फार वेळ करू शकलो नाही.

मामेभावाचा अपघात झाला तेव्हा आम्ही सगळे एका गोष्टीवर समाधान मानून बसलो होतो, की रक्त फारसं गेलं नाही. नडगीवर सेंटिमीटरभरही नसलेली जखम, तीही जवळजवळ थांबलेली. डॉक्टर मात्र तिच्याकडे पाहून घाईत आले. आतून हाडाचं टोक कातडी भेदून बाहेर डोकावून परत आत गेलं होतं. म्हणजे बाहेरची माती थेट हाडापर्यंत पोचण्याची वाट उघडी झाली होती. नडगीवर पुढच्या बाजूला मांस जवळपास नाहीच, कातडीखाली लगेच हाड, त्यामुळे असं तिथे पुष्कळदा घडतं. तासाभरात अँटिबायोटिक, मग भूल देऊन जखम आणखी मोठी करून धुणं, मग बाहेरून सळ्यांची चौकट. लहानशी जखम मोठी का केली म्हणून मामी चिडली होती. अशा उघड्या फ्रॅक्चरचे प्रकार गस्टिलो आणि अँडरसन यांनी 1976 मध्ये लावून दिले, त्यात सेंटिमीटरच्या आतली स्वच्छ जखम पहिल्या पायरीवर येते. पण ही सगळ्यात सौम्य पायरीसुद्धा वाट पाहत बसण्याची नसते, हे आम्हाला त्या दिवशी कळलं.

याच जातीच्या दुखापतीपायी एके काळी माणसाचा पाय जायचा, नाहीतर जीव. पर्सिव्हल पॉट हा लंडनचा नामांकित सर्जन 1756 मध्ये घोड्यावरून पडला आणि त्याच्या पायाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं. त्याने लोकांना स्वतःला उचलू दिलं नाही. भर थंडीत रस्त्यावर पडून राहून पालखीवाले बोलावले, एक दार विकत घ्यायला लावलं, त्याला दांडे ठोकून घेतले आणि मगच त्यावर आडवा होऊन घरी गेला. हाड हललं की काय होतं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार! पाय कापायची हत्यारं तयार झाली होती. त्याचे गुरू, सर्जन एडवर्ड नर्स यांनी पाय वाचवून पाहू म्हटलं आणि तो वाचला. पण तो अपवाद. 1865 मध्ये ग्लासगोत जोसेफ लिस्टरने गाडीचं चाक पायावरून गेलेल्या अकरा वर्षांच्या मुलाच्या अशाच जखमेवर कार्बोलिक आम्लाच्या पट्ट्या ठेवल्या. जखम पू न होता भरली, हाड जुळलं. मामेभावाच्या वॉर्डात जंतुनाशकाचा जो वास मला नकोसा व्हायचा, त्या वासाचं मूळ त्या पोराच्या पायापर्यंत जातं.

आता त्या केसाएवढ्या चिरेकडे. मनगटात अंगठ्याच्या मुळाशी स्कॅफॉइड नावाचं एक छोटं हाड असतं. अंगठा ताणून वर केला की मनगटाच्या कडेला खळगा पडतो, त्याच्या तळाशी ते असतं. तळहातावर पडल्यानंतर तिथे दाबून दुखलं तर एक्स-रे साफ असला तरी जाणता डॉक्टर हात बांधूनच पाठवतो आणि दहा ते चौदा दिवसांनी परत बोलावतो, किंवा एमआरआय करून घेतो. कारण या हाडाला बराचसा रक्तपुरवठा बोटांकडच्या बाजूने होतो. मध्ये चीर गेली तर कोपराकडच्या तुकड्याची रसद तुटते. तो जुळत नाही, कधी मरतोसुद्धा. "नुसती लचक आहे" म्हणून दुर्लक्ष केलेलं हे दुखणं काही वर्षांनी मनगटाचा सांधाच खराब करून समोर येतं. म्हणूनच नुसता क्रॅक हे शब्द ऐकून हुश्श करणाऱ्यांची मला हल्ली काळजी वाटते. काही चिरा तर पडण्या-आपटण्याशिवायच येतात, सोसवेल त्याहून जास्त चालून-धावून. ब्राइटहाउप्ट या प्रशियाच्या लष्करी डॉक्टरने 1855 मध्ये सैनिकांच्या सुजलेल्या, दुखऱ्या पावलांचं वर्णन केलं होतं. त्या पावलांत हाडं चिरली आहेत, हे दिसायला एक्स-रे यावे लागले.

तर त्या दोन मनगटांचं काय? दोघींना झालं होतं ते साधारण एकाच घराण्याचं. कोपर ते मनगट यांमधल्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडच्या हाडाचं मनगटाजवळचं टोक मोडून मागे सरकतं. डब्लिनच्या अब्राहम कॉलिसने 1814 मध्ये याचं वर्णन केलं, म्हणजे एक्स-रेच्या ऐंशी वर्षं आधी, बाहेरून पाहून आणि चाचपून. शेजारच्या बाईंचा तडा सांध्याच्या अलीकडे आडवा गेला असणार, डॉक्टरांनी सांगितलं त्यावरून. ओढून बसवला की बसतो आणि प्लास्टरमध्ये तसाच राहतो. आत्याचा तडा दोन फाटे फुटून थेट सांध्यात उतरला होता आणि मागच्या बाजूचं हाड चेचून गेलं होतं. तिथे टेकायला भक्कम कड उरली नव्हती. बसवलं असतं तरी आठवड्याभरात पुन्हा खाली घसरलं असतं. आणि सांध्याच्या गुळगुळीत पृष्ठभागावर दोनेक मिलिमीटरहून मोठी पायरी राहिली तर पुढे तिथे झीज सुरू होण्याची भीती.

इथवर सगळं नीट जुळलं, आणि मी आत्याला विजयी मुद्रेने समजावणार, तेवढ्यात आणखी वाचलं. पासष्टीच्या पुढच्या रुग्णांत प्लेट घातली काय आणि प्लास्टर घातलं काय, वर्षभरानंतर हाताचं कामकाज जवळपास सारखंच असतं, असं बऱ्याच अभ्यासांत दिसून आलंय. प्लेटवाल्यांचा एक्स-रे जास्त देखणा आणि सुरुवातीचे महिने सोपे, एवढाच फरक. खुद्द कॉलिसनेही लिहून ठेवलं होतं की वाकडेपणा राहिला तरी हात कालांतराने मोकळा हलतो आणि दुखणंही थांबतं. मी हे डॉक्टरांपुढे जरा भीतभीतच काढलं. ते चिडले नाहीत. "खरं आहे," म्हणाले, आणि आत्याकडे वळले. "या हाताने तुम्ही काय काय करता?" आत्या म्हणाली, "शिवते. मशीनवर, आणि हातशिलाईही." ते म्हणाले, "प्लास्टर घातलं तर हात चालेल, थोडा वाकडा दिसेल, मूठ यायला वेळ लागेल. प्लेट घातली तर लवकर हलवता येईल, पण ऑपरेशनचे धोके आहेत. तुम्ही सांगा." आत्याने प्लेट निवडली. पैशांबद्दलचा तिचा प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता, हे मी मनात मान्य केलं. एक्स-रे पाहून निम्मा निर्णय होतो. उरलेला निम्मा समोर बसलेल्या माणसाला विचारून करायचा असतो, आणि ते विचारणं बाकावर बसलेल्या आम्हाला आधी ऐकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.

या सगळ्या वाचनात एक गोष्ट मात्र अशी हाती लागली की प्लेट-प्लास्टरचा वाद तिच्यापुढे किरकोळ वाटायला लागला. उभ्याने घसरून पडल्यावर मोठ्या माणसाचं हाड मोडता कामा नये. मोडलं, तर पडण्याआधीच ते आतून विरळ झालेलं असण्याची शक्यता मोठी. असं एक फ्रॅक्चर झालं की पुढचं होण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, आणि साधारणपणे मनगट आधी जातं, मग मणके, मग खुबा. मणक्याचं तर कित्येकदा कळतही नाही. वाकून बादली उचलली, पाठीत कळ आली, चार दिवस शेक घेतला, विसरले. उंची कमी होत जाते, पदर मागे ओढला जातो, पाठ गोल होते, आणि आपण त्याला वय म्हणतो. आजीच्या जुन्या फोटोंकडे मी आता त्या नजरेने पाहतो. खुब्याचं मात्र लपत नाही. त्यातही मांडीच्या हाडाच्या मानेशी मोडलं तर वरच्या गोळ्याचा रक्तपुरवठाच तुटतो, म्हणून वयस्करांत तो जुळवत बसण्यापेक्षा बदलतात. त्याच्या जरा खाली मोडलं तर रक्त भरपूर असतं, हाड जुळतं, पण रॉड किंवा प्लेटचा आधार द्यावा लागतो. दोन्ही प्रकारांत माणसाला लवकरात लवकर उभं करायचं असतं. खाटेवर पडून राहिलेलं म्हातारं माणूस हाडापेक्षा न्यूमोनियाने आणि रक्ताच्या गुठळ्यांनी जातं.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा नावाची तपासणी असते. कपड्यांनिशी झोपायचं, काही टोचायचं नाही, थोडक्या मिनिटांत होते. तरुण, निरोगी हाडाशी तुलना करून येणारा आकडा उणे अडीच किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं विरळ होण्याचा आजार, आणि त्यावर औषधं आहेत. आत्याची फाइल मी चाळली. प्लेटची कंपनी, स्क्रूंची संख्या, टाके कधी काढले, सगळं होतं. हाडं विरळ का झाली याबद्दल एक ओळ नव्हती. पुढच्या भेटीत मी स्वतःच विषय काढला. "हो हो, डेक्सा करूनच घ्या, मी आज लिहिणारच होतो," डॉक्टर म्हणाले आणि त्यांनी कागद ओढला. आत्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी मान खाली घातली. बाहेर आल्यावर तिने विचारलं, "या तपासणीतही एकीची वेगळी आणि दुसरीची वेगळी असं काही नसतं ना?" मी म्हटलं, त्या बाईंचा नंबर घेऊन ठेवला असतास तर त्यांनाही सांगितलं असतं.